साहेबांची बदली

एसी दुरुस्त करणारे थंडीकाका निवृत्त झाले होते, पण अर्धेच. म्हणजे झालं असं, की डॉक्टरांनी काकांच्या हृदयाचा आलेख बघून "आता पुरे" म्हटलं, काका "बरं" म्हणाले, आणि पुढच्याच सोमवारी कुणाच्या तरी गच्चीवर एसीच्या पेटीत डोकं खुपसून बसलेले सापडले. शेवटी काकूंनी तह केला. रोज दोन कामं, अकराच्या आत घरी. आणि तिसरं कलम, जे काकूंनी टेबलावर बोट आपटून सांगितलं: घरातला एक स्क्रूसुद्धा बाहेर जाणार नाही. कारण आदल्या उन्हाळ्यात काकांनी घरच्या एसीचा रिमोट कुणाला तरी "दोनच दिवस" दिला होता, आणि काकू पुढचे तीन आठवडे स्टुलावर चढून बटण दाबत होत्या.

काकांच्या या अर्ध्या नोकरीतले पूर्णवेळ सहकारी म्हणजे साहेब. साहेब हे कुत्रं. एक कान उभा, एक कायमचा झोपलेला, जात विचारू नये अशी. पण ऐट तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याची. आता तुम्ही म्हणाल, एसीच्या कामात कुत्र्याचं काय काम? तर ऐका. काका यंत्र दुरुस्त करायचे आणि पास-नापास साहेब ठरवायचे. खोली खरोखर गार झाली, की साहेब मधोमध यायचे, पोट फरशीला लावायचे, चार पाय चार दिशांना सोडून द्यायचे आणि नाकातून एक लांबलचक सुस्कारा टाकायचे. तो सुस्कारा ऐकला की गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात. साहेब नुसते बसून राहिले, तर काका मुकाट्याने पेटी पुन्हा उघडायचे. देवाने कुत्र्याच्या अंगाला घाम दिला नाही, उन्हाळ्यासाठी नुसती जीभ दिली. माणसाला दोन्ही दिलं, आणि उन्हाळा आला की माणूस जीभच जास्त चालवतो. म्हणून काकांचा भरवसा साहेबांवर.

त्या आठवड्यात उन्हाने कहर केला होता. रस्त्याचं डांबर इतकं मऊ झालं होतं, की चपलेचे ठसे दुसऱ्या दिवशीही तसेच. साहेबांचे पाय भाजू नयेत म्हणून काका त्यांना हत्यारांच्या ढकलगाडीतून न्यायचे. पान्यांच्या पिशवीवर ओलं पोतं, पोत्यावर साहेब, आणि मागून ढकलणारे काका. बघणाऱ्याला वाटावं, साहेब दौऱ्यावर निघालेत.

अशातच एका संध्याकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दवाखान्याचा एसी नुसतं वारं घालतोय, गार काही होत नाही. काकांनी ऐकताच ओळखलं, कपॅसिटर गेला. कपॅसिटर म्हणजे मुठीत मावेल असा डबा, पण तो गेला तर यंत्राचा दम सुरूच होत नाही. दुकानदार म्हणाला, "काका, अख्ख्या गावाचे उडालेत. माल आठ दिवसांनी."

आणि काकांच्या घरी, खिडकीबाहेरच्या पेटीत, अगदी त्याच मापाचा एक कपॅसिटर आयता बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी काकूंना जाग यायच्या आत काकांनी मुख्य बटण बंद केलं, त्या डब्यातली उरलीसुरली वीज उतरवली, तो शर्टाच्या खिशात घातला, आणि देवासमोर हात जोडताना त्याच्याकडेही बघायचं टाळलं.

दवाखान्यात काम झकास झालं. अर्ध्या तासात खोली गारेगार. साहेब मधोमध आले, पसरले, सुस्कारा टाकला. डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. काकांनी हत्यारांची पिशवी खाडकन बंद केली. हा आवाज झाला की साहेब उठून गाडीत बसायचे, आठ वर्षांचा शिरस्ता. आज साहेबांनी उभा कान हलवला आणि तोही झोपवला.

"चला साहेब."

साहेब हलले नाहीत.

काकांनी पट्टा ओढला. गुळगुळीत फरशीवरून साहेब पोटावर सरकत दारापर्यंत आले, दाराबाहेरची हवा हुंगली, आणि उठून पुन्हा मधोमध जाऊन पडले. बिस्किट दाखवलं. ते पडल्या पडल्या खाल्लं.

बाकावर एक बस ड्रायव्हर सुजलेला गाल धरून बसले होते. ते म्हणाले, "राहू द्या ना. मघापासून माझे पाय त्याच्या पाठीला लागलेत, तर दाढ कमी ठणकतीय."

"त्याला कळलंय," काका पुटपुटले.

"काय कळलंय?"

"काही नाही."

काका अकराला घरी आले, तेव्हा गाडीत नुसतं ओलं पोतं.

"साहेब कुठायत?" काकूंनी विचारलं.

"त्यांची... बदली झाली."

"कुठे?"

"दातांच्या दवाखान्यात."

काकूंनी काकांकडे नीट पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना काकांचं खोटं कळायला कान लागत नसत, डोळे पुरत. पण त्यांनी आधी पानं वाढली. जेवणं झाली. दुपारी एकला रोजच्यासारखा त्यांनी एसी लावला. घरी तो रोज दोनच तास चालायचा, आणि त्या दोन तासांत साहेब काकूंच्या शिवणयंत्राखाली पसरलेले असायचे. आज एसीने गरम वाफ काकूंच्या तोंडावर फुंकली.

"अहो."

"व्होल्टेज कमी असेल."

"अहो, माझ्याकडे बघून बोला."

काका बघून बोलले. सगळं बोलले. बोलून झाल्यावर त्यांना बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं.

काकूंनी रिमोट खाली ठेवला. "उकाड्याचं मला काही नाही. मी तुम्हाला सोसलंय, उन्हाळा काय चीज आहे. पण तो मुका जीव घर सोडून गेला, तो तुमच्या कर्णावतारामुळे. त्याला घेऊन या."

"आणि सांगू काय त्याला? चला घरी, भट्टी तयार आहे?"

काकू शिवणयंत्राखालच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या.

चार वाजता काका डोक्यावर ओला टॉवेल टाकून पुन्हा दवाखान्यात. साहेब तिथेच. फक्त आता त्यांच्या डोक्याखाली कुणीतरी उशी दिली होती.

"काका, सकाळपासून एकही पेशंट ओरडला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळे याच्याकडे बघत राहतात. उन्हाळाभर राहू दे ना माझ्याकडे. रात्री घरी नेईन, माझ्याकडे प्रत्येक खोलीत एसी आहे."

काका बाकावर बसले. साहेबांनी एक डोळा उघडला, काका आहेत याची नोंद घेतली, मिटला. जीभ आत होती. घरी या वेळेला ती हातभर बाहेर असती. काकांच्या मनात आलं, आपण याला न्यायचं ते याच्या सुखासाठी की आपल्या? त्यांनी तोंड उघडलं. "बरं, मग ठेवून..." वाक्य पुरं करायच्या आत त्यांनी मान वर केली, तर समोर भिंतीवरचा एसी. त्यातून येणारी थंडी ही आपल्याच घरची. साहेब परक्याकडे गेलेच नव्हते. ते घरच्या थंडीमागे आले होते.

"डॉक्टरीणबाई, दवाखाना बंद कितीला?"

"सातला."

"आणि उघडतो?"

"नऊला. का?"

काका इतके झटकन उठले, की साहेबांनी दोन्ही डोळे उघडले. "मग रात्री हा एसी कुणासाठी?"

बाईंना सगळं समजावून सांगायला पाच मिनिटं लागली आणि हसू थांबवायला दहा. "घेऊन जा काका. पण नऊच्या आत परत बसवा, नाहीतर पेशंट माझा गळा धरतील."

सातला एसी बंद झाला. काका बाहेरच्या पेटीतून डबा काढून आत आले. साहेब उठले होते. त्यांनी काकांचा खिसा बराच वेळ हुंगला, आणि बदलीचा हुकूम हाती पडल्यासारखे शांतपणे गाडीत चढून बसले.

घरी काकांनी डबा बसवला, यंत्र चालू केलं. काका आणि काकू भिंतीला टेकून निकालाची वाट बघत उभे. साहेब खोलीच्या मध्यावर गेले. बसले. बसूनच राहिले. काकांचा चेहरा पडला.

"अहो, खिडकी," काकू म्हणाल्या, आणि जाऊन बंद केली. मग काय वाटलं कोण जाणे, दिवसभराची तापलेली ती माउली खोलीच्या मधोमध फरशीवर आडवी झाली, हातपाय चार दिशांना सोडले, आणि नाकातून एक लांब सुस्कारा टाकला. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. सुस्कारा नियमात बसत होता. तेही शेजारी पसरले.

काकांनी आपल्याला कुठे जागा उरली आहे का, हे बघितलं. उरली नव्हती. ते दारात, उंबऱ्यावर डोकं ठेवून झोपले, आणि बऱ्याच दिवसांनी छान झोपले.

सकाळी आठला त्यांनी डबा खिशात घातला, पिशवी खाडकन बंद केली आणि म्हणाले, "चला, दवाखाना."

साहेब उठून गाडीत बसले. त्यांच्या मागोमाग काकू आल्या, हातात शिवणाची पिशवी.

"तू कुठे?"

"डॉक्टरीणबाईंकडे बाक आहे ना?" काकू म्हणाल्या. "ढकला गाडी."