रिकामं पारडं आधी दाखवा

काय हो, तुम्ही विश्वास कुणावर ठेवता? गोड बोलणाऱ्यावर, की नीट तोलणाऱ्यावर? सावकाश सांगा, घाई नाही. माझा अनुभव विचाराल तर दहातले नऊ जण ‘तोलणाऱ्यावर’ म्हणतात आणि पिशवी घेऊन जातात गोड बोलणाऱ्याकडे.

मी एक तराजू. लोखंडी दांडी, दोन पितळी पारडी, वर मधोमध काटा. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण मास्तरांपासून मामलेदारापर्यंत सगळ्यांची साखर मी तोलली आहे, त्यामुळे माणसं थोडीफार कळतात.

माझी दोन्ही पारडी एकाच पत्र्यातून कापली. घडवणारा कारागीर मोठा चिकट होता. एक पारडं केसभर जड निघालं, तर त्याने ते कानशीने सबंध दुपार घासलं. गिऱ्हाईक कंटाळून म्हणालं, “अहो, एवढ्याने काय होतंय?” कारागीर म्हणाला, “आज काही होत नाही. रोज होतं.”

ते गिऱ्हाईक म्हणजे आमचे शेठ. शिक्षण चौथी, दुकान हातभर, जीभ मात्र गजभर. किराणा माल विकता विकता ते गोष्टी फुकट देत. पण त्यांची एक रीत होती. काहीही तोलायच्या आधी ते मला रिकामा उचलून गिऱ्हाइकासमोर धरत. “बघा, काटा मधे आहे ना?” गिऱ्हाईक हो म्हणेपर्यंत मापाला हात लावत नसत. लोक वैतागत. एक आजीबाई तर म्हणत, “अरे बाबा, बघितला रे तुझा काटा, आता तांदूळ दे, चूल पेटलीय.” तरी शेठ थांबत. आणि याच आजीबाई तोलून झाल्यावर हळूच चिमूटभर जास्त घालायला लावत, ती गोष्ट वेगळी! फसवून घ्यायचं नाही, पण चार दाणे फुकट मिळाले तर नको कुणाला?

मग बटणाचे वजनकाटे आले आणि मी माळ्यावर गेलो. काही वर्षांनी दुकानही बंद झालं. शेठच्या लेकीने मला खाली उतरवलं, चिंच लावून घासलं आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीला टांगलं. मी खूश. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या एका पारड्यात प्लास्टिकचं झाड ठेवलं. चाळीस वर्षं धान्य तोललं आणि म्हातारपणी हे! पण राहायला घर मिळालं होतं, गप्प बसलो.

लेक पोस्टात काउंटरवर. नवरा कारखान्यात, पहिल्या पाळीला उजाडायच्या आत बाहेर. उरली मुलगी, सहा वर्षांची. गोड दिसलं की चिकटायची, म्हणून आजोबांनी, म्हणजे आमच्या शेठनी, नाव ठेवलं मुंगी. रोज सकाळी आठला या घरात लढाई व्हायची. अंडं नको, पाव नको, दूध नुसतं नको. घड्याळ पुढे, बस दारात, पोरगी टेबलाखाली.

या लढायांबद्दल लेक एक ब्लॉग लिहायची, ‘घाईतली न्याहारी’. बाजारातला एखादा खाऊ आणायचा, मुंगीला द्यायचा आणि काय झालं ते खरं खरं लिहायचं. “हे बिस्कीट मुलीने कुत्र्याला दिलं. कुत्र्याने परत आणून दिलं.” असल्या ओळींमुळे तिला वाचक मिळाले. बहुतेक आयाच. त्या विचारायच्या, “ताई, हे घेऊ का?” ताई सांगेल ते घ्यायच्या.

अशात ‘मधतारे’ नावाच्या न्याहारीची बारा खोकी घरपोच आली. दुधात टाकायचे चांदणीच्या आकाराचे कुरकुरीत तुकडे. सोबत पत्र: चांगलं लिहा, फोटो द्या, पैसे देऊ, जमलं तर वर्षभर देत राहू. घरातलं कपडे धुण्याचं यंत्र तेव्हा धुताना खोलीभर चालत फिरायचं. लेक त्याच्यावर बसून कपडे धुवायची. तिने पत्र दोनदा वाचलं.

आणि खरं सांगू? मधताऱ्यांनी लढाई संपवली. मुंगी स्वतःहून खुर्चीवर बसली, वाटी चाटूनपुसून साफ केली. लेकीने महिन्यांनंतर बसून गरम चहा प्यायला. त्या दहा मिनिटांची किंमत मला समजते. पण दुसऱ्या दिवशी ती खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचत होती आणि चहा गार झाला.

कंपनीला फोटो हवा होता ‘समतोल न्याहारी’चा. लेकीची नजर माझ्यावर पडली. झाड बाजूला झालं. एका पारड्यात मधतारे, दुसऱ्यात सफरचंद. सफरचंद धाडकन खाली, मधतारे वर हवेत. लेकीने थोडा विचार केला. मग दुकानातलं शंभराचं आणि पन्नासाचं वजन चिकटपट्टीने मधताऱ्यांच्या पारड्याखाली, मागच्या बाजूला चिकटवलं. दांडी सरळ झाली. फोटो झकास आला.

वादळात दुकानाचं छप्पर उडालं तेव्हाही मला एवढं हलल्यासारखं वाटलं नव्हतं. लेख सोमवारी जायचा होता. शनिवार उजाडला होता.

रविवारी सकाळी शेठ आले. आता हात थरथरतो, पण सवय जात नाही. मुंगीला मांडीवर घेऊन त्यांनी मला उचललं. “चल, दुकान दुकान खेळू. आधी काय करायचं?”

“रिकामा दाखवायचा!”

शेठनी मला वर धरलं. डावं पारडं दाणकन खाली गेलं.

“अगं, हा आजारी पडला की काय?”

“नाही काही. आईने खाली वजन चिकटवलंय. फोटोसाठी. पट्टी मीच कापून दिली.”

लेक ओट्याशी होती. तिने मागे वळून न बघताच म्हटलं, “बाबा, फोटो आहे तो. सगळे करतात.”

“सगळे करतात हे मलाही माहीत आहे. दोन दुकानं सोडून एक जण लाखेचा गोळा लावायचा मालाच्या पारड्याखाली.”

“झालं सुरू! तुमच्या दुकानात गोळ्यांच्या बरण्या कुठे होत्या आठवतं? सगळ्यात खाली, पोरांच्या नाकासमोर. तेव्हा नाही कुणाच्या दातांची काळजी वाटली?”

शेठनी मांडीवरच्या मुंगीच्या दातांकडे पाहिलं. मग म्हणाले, “होत्या. तुझ्याच दोन दाढा गेल्या त्यात. चुकलंच ते.”

“मग मला शिकवू नका. आठ वाजता इथे येऊन बघा एकदा. पोरगी काहीतरी खाऊन जाते, ओरडाआरडा होत नाही, आणि वर पैसे मिळतात. माझं काय चुकलं?”

“खायला देतेस त्यात काही चुकलं नाही. भूक लागलेल्या पोराला चांदण्याच काय, चंद्रही द्यावा.” शेठनी मला टेबलावर ठेवलं. “पण तुला एक सांगतो, तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. लाख लावायचा तो दुकानदार... दोन दुकानं सोडून नव्हता. मीच होतो. पहिल्या वर्षी. तीन दिवस.”

लेकीने नळ बंद केला.

“चौथ्या दिवशी ती चुलीवाली आजी आली. घरी तिने तांदूळ वाटीने मोजले होते. भांडली नाही. एवढंच म्हणाली, ‘वाटी मोठी झाली वाटतं माझी.’ आणि निघून गेली. तिला परत आणायला मला दीड वर्ष लागलं. तेव्हापासून रिकामा दाखवतो.”

मला हे ठाऊक होतं. ते तीन दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. पण मालकाची गोष्ट मालकानेच सांगावी, म्हणून तुम्हालाही आधी सांगितलं नाही.

लेक टेबलाशी आली. नखाने पट्टी खरवडून दोन्ही वजनं सोडवली. मला रिकामा उचलला. काटा मधे. मग खोक्यावर लिहिल्याप्रमाणे एका वेळचे तीस ग्रॅम मधतारे तोलून वाटीत ओतले.

मुंगीने वाटीत डोकावून पाहिलं. “हे कुणाचं? बाहुलीचं?”

“तू रोज घेतेस तेवढे घे.”

मुंगीने रोजच्याएवढे भरले. पंचाहत्तर ग्रॅम! लेकीने बारीक अक्षरांवर बोट फिरवलं: शंभरात साखर चौतीस. पोस्टातल्या बाईला हिशेब सांगावा लागत नाही. तिने एका पारड्यात पंचवीस ग्रॅमची वजनं टाकली आणि दुसऱ्यात चमच्याने साखर घालू लागली. एक. दोन. तीन. मुंगी मोजत होती. पाचव्या चमच्याला काटा मधे आला.

“एवढी साखर मी रोज खाते?” मुंगीचे डोळे चमकले. “मज्जाच!”

शेठ एवढे हसले की त्यांना ठसका लागला. लेक मात्र हसली नाही. तिने त्या साखरेचा फोटो काढला आणि लिहायला बसली.

सोमवारी लेख गेला. पहिली ओळ होती: “ही खोकी मला फुकट आली आहेत आणि चांगलं लिहिण्याचे पैसे मिळणार होते, आता बहुधा मिळणार नाहीत.” पुढे तिने सगळं लिहिलं. मुलीला आवडतात. मलाही ती दहा मिनिटं आवडतात. पण खोक्यावरचं माप बाहुलीचं आहे, आणि आमच्या घरी मुलगी जेवते. आधी काढलेला फोटोही टाकला, आणि त्याच्याशेजारी पारड्याखालून सोडवलेल्या पट्टीचा आणि वजनांचा.

कंपनीचं उत्तर दुपारीच आलं. गोड भाषेत नकार. एक-दोन वाचकांनी टोमणे मारले, “आम्हाला शिकवायला निघाल्या!” पण संध्याकाळपर्यंत एका आईने लिहिलं, “आमच्या वाटीत नव्वद ग्रॅम भरले, ताई. मुलगा रडतोय, मीही.” मग दुसरीने लिहिलं, मग तिसरीने.

धुण्याचं यंत्र अजून खोलीभर चालतं. लेक अजून त्याच्यावर बसते. खोकी संपली नाहीत. मुंगीला रविवारी मधतारे मिळतात, इतर दिवशी अंडं आणि थोडी लढाई. लेक हरत नाही, एवढं सांगतो. परवा मुंगी पुन्हा टेबलाखाली गेली, तर लेकही बशी घेऊन टेबलाखाली गेली. बस चुकली, अंडं संपलं.

माझ्या पारड्यातलं झाड गेलं. आता मी कामावर आहे. रविवारी मुंगी मला उचलते, सगळ्यांना रिकामा दाखवते आणि मग तोलताना अंगठा हळूच पारड्यावर टेकवते. रक्तच ते! पण आईने नुसतं तिच्याकडे पाहिलं की अंगठा उचलते.

तुम्हाला मी आता कुठे भेटणार? बाजारात माझे भाऊबंद फारसे उरले नाहीत, आणि तोलून न दाखवता सांगणारे खूप झालेत. म्हणून एकच मागणं. कुणी काही छान आहे म्हणालं, तर त्याचं पारडं आधी रिकामं बघायला मागा. आणि आपल्या घरच्या वाटीत खरोखर किती पडतं, त्याचा हिशेब प्रामाणिक ठेवा. पहिल्यांदा तोलाल तेव्हा आकडा आवडणार नाही. तरी लिहून ठेवा.