शौनकची ओळ

पुण्यात खराडीच्या ऑफिसात सकाळपासून नवं काम सर्व्हरवर चढत नव्हतं. सेटिंगच्या फाइलमध्ये डेटा साठवायच्या जागेला, म्हणजे व्हॉल्यूमला, दिलेला एक पर्याय काम सर्व्हरवर चढवणारं टूल नाकारत होतं. टीमलीड शौनकने ती फाइल पाठवणाऱ्या वल्लरीला सगळ्यांदेखत झापलं, "न तपासता फाइल पुढे पाठवतेसच कशी?"

मग त्याने स्वतः फाइल उघडली. टूलच्या नव्या आवृत्तीत त्या पर्यायाचं नाव बदललं होतं, आणि जुन्या नावाची ती ओळ त्याने स्वतःच लिहिलेली होती. नाव दुरुस्त करताच काम बिनबोभाट पार पडलं.

तो वल्लरीच्या टेबलाशी गेला. "चूक माझी होती," तो हळूच म्हणाला.

"माहीत होतं मला. पण चारचौघांत तुझं नाव कसं घेऊ?"

शौनकला तिच्याकडे बघवेना. तो सगळ्यांकडे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "ती ओळ माझी होती."