तो दिवा कुणाचा?

मित्रांनो, मी एका जुन्या अंतराळकथांच्या मासिकाची मधली पानं आहे. अख्खा अंक नाही हो, नुसती मधली पानं! म्हणून तर माझा जीव कायम टांगणीला लागलेला.

आमच्या एका अंकात चार चित्रकथा असत. यंत्रमानव, मंगळ, उडत्या तबकड्या, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटच्या चौकटीत वाचणाऱ्याला हमखास दगा! अमेरिकेत, ओहायोतल्या आमच्या पोलाद कारखान्यांच्या गावात पोरं आमच्यासाठी हमरीतुमरीवर येत.

मला घरी आणलं मिलानने. माझ्या तिसऱ्या गोष्टीत एक अंतराळवीर शंभर वर्षांनी पृथ्वीवर परततो. सगळीकडे काळोख, फक्त एका खिडकीत दिवा. कुणाचा? मिलान वाचत इथवर आला आणि कोरियाच्या लढाईवर नेणारी बस कोपऱ्यावर येऊन थांबली.

"मी येईपर्यंत पुढचं वाचायचं नाही हं, भोचक भवाने!" त्याने धाकट्या बहिणीला बजावलं.

"नाही वाचत. तू लवकर ये म्हणजे झालं," ओल्गा म्हणाली.

पोरीने शब्द पाळला. रोज मला खोक्यातून काढायची, कुरवाळायची आणि परत ठेवायची. त्या वर्षांत मला कुणी वाचलं नाही, पण इतकी माया मला पुन्हा कधी मिळाली नाही.

मग गावात ओरड सुरू झाली, की आमच्यामुळे पोरं बिघडतात. शाळेच्या आवारात आमची होळी पेटली. ओल्गाच्या आईने मिलानचं खोकं उचललं आणि त्यात रिकामं केलं.

"अगं, हात भाजेल, मेले!" आई किंचाळली. ओल्गाने तोवर हात घातला होता. आमची पानं एकात एक घडी घालून मधोमध तारेने टाचलेली असतात. तिने ओढलं, तशी मधली पानं निसटून हातात आली. दुसऱ्या गोष्टीचा शेवट आणि तिसरीची सुरुवात. बाकीचा मी जळताना मला दिसत होतो.

मिलान लढाईवरून परतला तो मुका झाल्यासारखाच. जेवायचा, खिडकीत बसायचा. एके दिवशी अचानक म्हणाला, "ओल्गे, तो दिवा कुणाचा होता गं?"

ओल्गाने शेवट वाचलाच नव्हता, आणि तो आता राखेत होता. "त्याच्या बहिणीचा," ती म्हणाली. "वाट बघत बसली होती, वेडी."

मिलानने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग तो हसला, परतल्यापासून पहिल्यांदाच. "थापाडे! या मासिकात असं गोड कधी संपतं का?" त्याने डोळे पुसले. "पण राहू दे. हाच शेवट ठेवू."

आमची मासिकं पुढे बंद पडली. मिलानही गेला. ओल्गा आता आजी झाली आहे. परवा नातीने तोच अंक कुठूनसा आणला, अख्खा, प्लास्टिकमध्ये बंद.

"आजी, फोडू नकोस हं! असाच जपायचा असतो."

"मासिक आहे ते, लोणचं नव्हे," म्हणत आजीने प्लास्टिक टराटरा फाडलं. मित्रांनो, मी श्वास रोखला. माझा हरवलेला शेवट समोर होता! तिने तिसऱ्या गोष्टीचं शेवटचं पान उघडलं. खिडकीत दिवा होता, पण घरात कुणीच नव्हतं. यंत्राने लावलेला दिवा, आपोआप जळत राहिलेला.

मित्रांनो, आम्हाला जाळू नका आणि कोंडूनही ठेवू नका. वाचा, आणि परतणाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा.

आजीने नवा अंक मिटून नातीच्या हातात दिला. मला मात्र मिलानच्या फोटोमागे जपून सरकवलं.

"थापाडं मेलं मासिक," ती फोटोतल्या मिलानला म्हणाली.