डब्याच्या तळाचं लेबल

मावशींवर चोरीचा आळ आला तेव्हा माझं डोकंच फिरलं. आमची विषतपासणीची प्रयोगशाळा. कुणाच्या पोटात काय गेलं ते शोधून काढणारे आम्ही नऊ जण, आणि आमच्याच जेवणाच्या खोलीतल्या फ्रिजमधला माझा डबा महिनाभर कोण फस्त करतंय हे कुणाला सापडेना! त्यात चोर टापटिपीचा. डबा रिकामा केला की घासून, पुसून जागेवर ठेवायचा. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या साहेबांनी लगेच निष्कर्ष काढला. इथे घासपूस कोण करतं? मावशी. म्हणजे मावशीच चोर. सगळ्यांसमोर तसं म्हणाले, आणि शुक्रवारपर्यंत कबूल करा नाहीतर सोमवारपासून येऊ नका, असं सांगून मोकळे झाले.

मावशी अकरा वर्षं आमच्या काचेच्या नळ्या धुतायत. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं. त्या खाली मान घालून नळ्या धूत राहिल्या, आणि मला ते बघवेना.

माझा संशय साहेबांवरच होता. डॉक्टरांनी त्यांचं तेल-तिखट बंद केलेलं. घरचा उकडलेला दुधी बघून ते तोंड वाकडं करायचे आणि अर्ध्या तासाने मात्र स्वारी खुशीत दिसायची! पण पुरावा कुठाय? बरं, घाबरवायला खोटं लेबल लावावं तर इथे त्यासाठी सरळ नोकरी जाते. म्हटलं ठीक आहे, खरंखुरं लेबल लावू. अक्षर न अक्षर खरं.

शुक्रवारी बटाटा, वांगं आणि पालक घालून झणझणीत भाजी केली. डब्याच्या तळाला आम्ही विषाच्या बाटल्यांना लावतो ते लाल पट्टीचं लेबल चिकटवलं आणि रकाने भरले. सोलॅनिन: मज्जासंस्थेवर परिणाम. निकोटिन: वर्ग पहिला, अत्यंत विषारी. ऑक्झॅलिक आम्ल: मूत्रपिंडाला अपाय. शेवटचा रकाना मात्रेचा. तिथे लिहिलं, ‘मोजलेली नाही’. खरंच कुठे मोजली होती?

साडेबाराला बेसिनपाशी किंकाळी. आम्ही दोघं-तिघं धावत गेलो तर साहेब धुतलेला डबा उपडा धरून उभे, चेहरा पांढराफटक.

“हे... हे कुणाचं आहे?”

“माझं. का हो साहेब?”

“जीभ बधिर झालीय माझी! हातपाय गार पडलेत! गाडी बोलवा!”

“बोलवते की. पण काय घेतलं, किती घेतलं, केव्हा घेतलं, ते आधी लिहून घ्यायचं. तुम्हीच शिकवलंय.” मी कागद पुढे केला. मला आतून उकळ्या फुटत होत्या, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

त्यांनी घाईघाईने लिहिलं, ‘आज सव्वाबारा वाजता, पूर्ण डबा.’

“पूर्वी कधी घेतलंय का? साठत जाणारं विष असेल तर तेही लागेल.”

“महिनाभर रोज,” असं पुटपुटत त्यांनी तेही लिहिलं आणि सही ठोकली.

“बटाटा, वांगं, पालक,” मी म्हटलं.

“काय?”

“सोलॅनिन बटाट्यातलं, निकोटिन वांग्यातलं, तिसरं पालकातलं. सगळं नावापुरतं. तेवढ्याने मरायचं तर गाडाभर वांगी खावी लागतील.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. एकोणतीस वर्षं हा माणूस आम्हाला बजावतोय की वर्ग नंतर बघा, मात्रा आधी बघा. आणि स्वतः नावं वाचूनच गळाठला! रंग परत आला तसा त्यांना रागही आला.

“खोटं लेबल लावलंस! घरी पाठवीन!”

“एक शब्द खोटा दाखवा, आत्ता जाते.”

त्यांनी लेबल दोनदा वाचलं आणि डबा खाली ठेवला.

मावशी दारात उभ्या होत्या. साहेबांनी सही केलेला कागद त्यांच्याकडे सरकवला. “वाचा मावशी. झालं ना तुमचं समाधान?”

मावशींनी तो सावकाश, शेवटपर्यंत वाचला आणि परत त्यांच्या हातात दिला.

“मला वाचता येतं साहेब. पण चोर तुम्ही मला मोठ्याने म्हणाला होतात. हेही मोठ्याने वाचा. सगळ्यांना बोलावते, थांबा.”