हात खाली येईपर्यंत

एल्व्हा नॉस्केने तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळला, मग बोटं अलगद लांब केली. मधली तार ताणत गेली, तुटेना.

"जाड आहे हे, केल. थंडीत ट्रॅक्टरचा पंप ओरडेल."

"ओरडू दे की," फळीवर कोपरं टेकून केल म्हणाला. या गावात शेतीचं सामान विकणारा तो एकटाच. "शनिवारी भर दुपारी तुझा सेल. दुपारी कुठली आलीय थंडी? नंतर ओरडला तर घेणाऱ्याच्या कानाशी ओरडेल."

त्या भागात याला सेलचं तेल म्हणत. शेत सोडून गावात राहायला निघालेलं कुटुंब आपली अवजारं माळावर रांगेने मांडतं, लिलावात काढतं. त्याआधी जुन्या ट्रॅक्टरच्या पोटात जाड तेल जातं. गिअरची घरघर दबते आणि झिजलेल्या सीलमुळे हळूहळू खाली येणारे, अवजार उचलून धरणारे मागचे हात वर टिकतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं. घेणाऱ्यानेही कधी ना कधी केलेलं असतं, म्हणून कुणी तोंडातून शब्द काढत नाही.

"आणि ते निळ्या डब्यातलं?"

"ते नवं, नव्या गाड्यांचं. तुझ्या म्हाताऱ्याच्या पोटात पितळी बुश आहेत, ते खाऊन टाकेल."

"कुठल्या म्हाताऱ्याबद्दल बोलतोयस?"

केल हसला, पण हसू पुरतं उमटलं नाही. "तू इतकी वर्षं घालतेस ते साधं पातळ तेल आहेच. योग्य तेच. पण त्यावर हात वर राहणार नाहीत, आणि लोक हातच बघतात." मग आवाज उतरवून त्याने विचारलं, "रेज कसा आहे?"

"ट्रॅक्टर ओळखतो."

"आणि तुला?"

"जमेल तसं," एल्व्हा म्हणाली आणि जाड तेलाचा डबा उचलून गाडीत ठेवला. गावातल्या नव्या घरी रेजजवळ बसायला एक बाई ठेवावी लागणार होती. शेतावरच्या सगळ्या भंगारात चार पैसे येतील असा तो ट्रॅक्टर एकच होता.

लग्न झाल्यापासून तेलपाणी तिचं आणि मेंढ्या रेजच्या, अशी वाटणी होती. रेजला तेलाचा वास सोसत नसे. तिने शेडमध्ये जुनं तेल काढलं, नवं ओतलं. रेज उलट्या बादलीवर बसून पाहत होता. ट्रॅक्टर एके काळी लाल होता. आता उन्हाने त्याचा रंग ओठांवरून पुसलेल्या लालीसारखा झाला होता. रेज मधेच उठून त्याच्या चाकावर थाप मारी आणि परत बसे.

संध्याकाळी तो नेहमीसारखा ट्रॅक्टरने बांधावरची वाट सपाट करून शेडसमोर आला. वाट कधीच सपाट झालेली होती, पण त्याला कोण सांगणार. मागच्या हातांवरचं लोखंडी पातं त्याने वर उचललं, इंजिन बंद केलं, टोपी काढून पात्याच्या टोकाला अडकवली आणि बादलीवर टेकला. सगळा जन्म त्याचा दिवस असाच संपत आला होता. तेल आतल्या आत झिरपायचं, हात थकल्यासारखे उतरायचे, टोपी खाली खाली यायची. टोपी गवताला टेकली की एल्व्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाही आणि किटली चढवी. तोवर रेजही उठलेला असे. रेज पुष्कळ गोष्टी विसरला होता, ही एक अजून जागेवर होती.

खिडकीबाहेर मोहरीसारखं पिवळं कॅनोलाचं शेत क्षितिजापर्यंत पेटल्यासारखं दिसत होतं. गुलाबी काकाकुव्यांचा थवा धान्याच्या उंच सायलोवर उतरला. शेतांवर धुकं सांडू लागलं, आधी कुंपणाचे खांब बुडाले, मग शेडचे पाय. शेड आता कशावरच टेकलेली दिसेना. टोपी होती तिथेच होती.

एल्व्हा हात पुसत बाहेर गेली.

"रेज, चल आत. गार झालंय."

त्याने वर पाहिलं. चेहरा अगदी सभ्य, परक्या माणसाशी बोलताना व्हायचा तसा.

"नाही हो बाई. याचे हात उतरले नाहीत अजून."

"मी उतरवते." तिने दांडा खाली दाबला. पातं धपकन आदळलं आणि रेज दचकून उभा राहिला.

"असा नाही येत तो!" त्याने पात्याकडे बोट केलं. "हा आमचा नाही. आमचा दमतो. बाई, तुम्ही माझ्या बायकोला पाहिलंत का? तिला कळेल. तिला बोलवा."

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. एल्व्हा दुसऱ्या बादलीवर त्याच्याशेजारी बसली. दोघं धुक्यात बसून राहिली, त्या बायकोची वाट पाहत. शेवटी त्याला हुडहुडी भरली तेव्हा तिने त्याला पाहुण्याला नेतात तसं, मान राखून, घरात नेलं.

सकाळी तिने इंजिन तापवलं, खालचा बोल्ट सोडला आणि जाड तेल टबात ओघळू दिलं. मग गाडी काढून केलकडे गेली.

"पातळ दे. साधं."

केलने तिच्याकडे पाहिलं. "एल्व्हा, हात भर बाजारात खाली येतील."

"येऊ देत."

"नुकसान होईल तुझं."

"माझं काय होईल ते मला काल कळलंय. तू डबा काढ."

शनिवारी ऊन पडलं. माळावर गाड्यांच्या रांगा लागल्या. चर्चमधल्या बायकांनी स्कोन आणि पावातले सॉसेज मांडले. लिलाव करणारा क्लाइव्ह आपल्या खणखणीत आवाजासह एकेका वस्तूपाशी सरकत होता आणि मागून लोकांचा घोळका. कपबशांचं खोकं, कुदळी, मेंढ्यांची कात्री, एकेक वस्तू दुसऱ्याच्या काखेत जाऊन बसत होती. एल्व्हाला ते सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसत होतं. रेज खुर्चीत बसून सगळ्यांना हसून हात करत होता, जणू लग्नाला आलाय.

ट्रॅक्टरपाशी घोळका आला तसा तो उठला. कुणी अडवायच्या आत चढून त्याने इंजिन चालू केलं, पातं वर उचललं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून टोपी पात्याला अडकवली. लोक कौतुकाने हसले.

क्लाइव्हने बोली सुरू केली. बोली दणक्यात चढली. तोवर पातं उतरायला लागलं होतं. आधी एका-दोघांच्या लक्षात आलं, मग सगळ्यांच्या. पुरुषमंडळी आपापले बूट न्याहाळू लागली.

"एल्व्हा, केलने तुला विकलं तरी काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"जे घालायला हवं ते," ती म्हणाली.

हशा पिकला, आणि त्यात बोली अडली. क्लाइव्हने तीनदा खाकरून पाहिलं. शेवटी पलीकडच्या शेतातल्या लिआ फायफरने हात वर केला. एल्व्हाच्या मनात होतं त्याच्या अर्ध्यावर हातोडा पडला. टोपी अजून गुडघ्याएवढ्या उंचीवर होती.

लिआ तिच्याजवळ आली. "काकू, सेलचं तेल नाही घातलंत?"

"घातलं होतं. काढलं."

"मग मी कुठलं घालू?"

"हेच. निळ्या डब्यातलं नको, जाडही नको. मागचं सील बदलायला सांगतील सगळे." एल्व्हा थांबली. "तुझा ट्रॅक्टर आहे, बदल हवं तर."

लिआने मान हलवली. पुढे ती काही बोलणार होती, पण तिचं लक्ष रेजकडे गेलं.

घोळका मेंढ्यांच्या फाटकांकडे सरकला होता. ट्रॅक्टरपाशी रेज एकटा उभा होता. टोपी गवताला टेकली. त्याने वाकून ती उचलली, झटकली, डोक्यावर घातली आणि माणसांमधून नजर फिरवत फिरवत एल्व्हावर आणून थांबवली.

"एल्व्हा," तो म्हणाला, "दमलो बघ आम्ही दोघं. चहा ठेव गं."

किटली सकाळीच कपबशांच्या खोक्याबरोबर विकली गेली होती.

"ठेवते," एल्व्हा म्हणाली, आणि त्याचा हात धरून घराकडे चालू लागली.