दोन रिंगांचा फोन

पनवेलची गोदूबाई आणि तिची उरणची धाकटी बहीण कृष्णाबाई नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कृष्णाबाईच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत गोदूबाईचं नाव चुलत जावेच्या खाली छापलं होतं, आणि एवढं कारण कुठल्याही शहाण्या माणसाला पुरेसं आहे.

तरी रोज दुपारी दीड वाजता, मासळी विकून दोघी घरी आल्या की, कृष्णाबाई पनवेलला फोन लावायची आणि दोन रिंगा देऊन ठेवून द्यायची. म्हणजे, मी जिवंत आहे. मग गोदूबाई उरणला दोन रिंगा द्यायची. उचलायचं कोणीच नाही. जुन्या फोनवर नंबर दिसत नाही, त्यामुळे दोघींची मान ताठ राहायची. मोबाइलवर नाव उमटलं असतं, म्हणजे सगळं मुसळ केरात.

२०१७ साली गोदूबाईच्या मुलाने, प्रणितने, फायबरचं इंटरनेट घेतलं. बसवायला आलेला माणूस म्हणाला, ही तांब्याची तार काढून टाकतो, इंटरनेटच्या डब्यावर नव्या नंबरचा फोन मिळेल. गोदूबाई आडवी आली. लाइट गेली की तुझा डबा बंद, माझा फोन चालू, असं तिने ठणकावलं. ते खरंच होतं. खरं कारण ती जीव गेला तरी सांगणार नव्हती. प्रणितला वाटलं, आईला जुन्या वस्तूंचा सोस आहे.

तार राहिली. पण नवी केबल खिडकीतून ओढताना जुन्या तारेचा जोड सुटला, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दीड वाजला, दोन वाजले. रिंग नाही. कृष्णा गेली, असं गोदूबाईला वाटलं आणि ताट तसंच राहिलं. शेवटी तिने रिसिव्हर कानाला लावला. आत अगदी शुकशुकाट. फोन मेला होता, बहीण नाही. तिला इतकं हायसं वाटलं की ती लगेच जेवायला बसली. दुसऱ्याच घासाला आठवलं, की आपलीही रिंग उरणला गेलेली नाही.

चार वाजता दारात रिक्षा थांबली. कृष्णाबाई गळा काढूनच उतरली. दारात गोदूबाई उभी दिसल्यावर तिने रडणं थांबवलं.

"जिवंत हायस?"

"हाय. फोन मेलाय."

"मंग कुणाच्या मोबाइलवरनं सांगायचं नाय?"

"कशी सांगू? आपण बोलत नाय."

कृष्णाबाईला ते पटलं. चहा पिऊन ती गेली.

लाइनमनने तार चौथ्या दिवशी जोडून दिली. दीड वाजता फोन वाजला. एक रिंग झाली, दोन झाल्या. गोदूबाई पदराला हात पुसत उभीच होती. तिसरी वाजली. तिला रडू फुटलं. तिने फोन उचलला, आणि पहिल्याच वाक्यात लग्नपत्रिकेचा विषय काढला.