ग्रिसेल्दासाठी केलेलं गाणं

दार्दो गेला त्या दिवशी रेडिओवाल्यांनी ते गाणं सकाळपासून सात वेळा लावलं. निवेदक गहिवरून सांगत होता, रोसारिओच्या या रॉक गायकाने हे आपल्या बायकोसाठी लिहिलं होतं म्हणून. बायकोसाठी, डोंबल! त्याची बायको म्हणजे माझी सख्खी बहीण नेली. तिच्यासाठी त्याने जन्मात दोन ओळींची चिठ्ठी लिहिली नाही. गाणं होतं पोरीसाठी, ग्रिसेल्दासाठी. मी त्याच्या बँडमध्ये बास गिटार वाजवायचो, म्हणजे हे मला माहीत असायलाच हवं. आणि पुढचं जे आहे ते फक्त मला आणि त्यालाच माहीत होतं.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. सप्टेंबरात पोरीला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. आमच्याकडे लग्न एकवेळ साधं चालेल, पण मुलीचं पंधरावं, म्हणजे त्या वाढदिवसाचा सोहळा, नाही. हॉल, पांढरा झगा, दीडशे माणसं, आणि पहिला वॉल्ट्झचा नाच बापाबरोबर. मग मामा, काका, नंतर पोरांची रांग. पहिला मात्र बापाचाच.

दार्दो स्टेजवर घसा फाटेस्तोवर ओरडणारा माणूस. त्याने त्या हिवाळ्याआधी गुपचूप एक संथ गाणं केलं, वॉल्ट्झच्या तालात. लहानपणी तो पोरीला स्वतःच्या बुटांवर उभी करून नाचायला शिकवायचा आणि ‘पिसू’ म्हणायचा, ते सगळं त्यात होतं. आम्ही ते एका दुपारी टेपवर उतरवलं.

“मेव्हण्या, कुणाला बोललास तर जीभ हासडीन,” तो म्हणाला. “नाचता नाचता पहिल्यांदा ऐकायचंय तिने. आधी कुणीच नाही.”

“बरं बाबा. तुझी पोरगी आहे तशी माझीही भाची आहे ती,” मी म्हणालो.

आणि एप्रिलात ब्वेनोस आयरेसहून रेकॉर्ड कंपनीचा साल्गादो आला. अकरा वर्षं आम्ही क्लबांतून वाजवत होतो आणि हा पहिला माणूस, जो गाडीभाडं खर्चून आम्हाला ऐकायला आला. चार गाणी ऐकली, तीन एम्पानादा, खिम्याच्या करंज्या, खाल्ल्या आणि तोंड पुसत म्हणाला, “आवाज दणदणीत आहे. पण यावर पोरी रडणार कशा? हळुवार काही आहे का?”

“नाही,” दार्दो म्हणाला आणि स्पीकर उचलून गाडीकडे गेला.

टेप माझ्या कोटात होती. मी ती साल्गादोच्या हातात ठेवली. नुसतं ऐकून बघा म्हणालो. छत्तिसाव्या वर्षी लोखंडाच्या दुकानात खिळे तोलत होतो मी! ही संधी गेली तर दुसरी कुठली यायला? माझ्यातही थोडा जीव होता हो, एवढंच सांगतो.

पंधरा दिवसांत करार आला. दार्दो असा भडकला की मला वाटलं आता हा बास माझ्याच डोक्यात घालतो.

“माझ्या पोरीचं गाणं आहे ते! बाजारात मांडायला नाही केलं!”

“अरे, ऐक तर. डिसेंबरात निघणार आहे. तोवर पंधरावं होऊन जाईल, तिने ऐकलेलं असेल. मग जगाने ऐकलं तर तुझं काय जातंय?”

साल्गादोने मला फोनवर जुलै सांगितलं होतं. आमच्याकडे हिवाळा जुलैत, शाळांना सुट्टी लागते तेव्हा. डिसेंबर हा शब्द माझा.

दार्दोने पेन घेतलं. “वाचायचं काय त्यात? तू वाचलंयस ना, मेव्हण्या?” म्हणाला आणि सही केली.

मी काय समजत होतो कुणास ठाऊक. चार-दोन जण ऐकतील, पोरीच्या कानावर जाणार नाही, असंच काहीतरी. पण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बसमध्ये ते गाणं, न्हाव्याकडे ते गाणं, दात काढायला गेलं तरी तेच. ग्रिसेल्दाने ते बेकरीत ऐकलं, पावासाठी रांगेत उभी असताना. ‘पिसू’ आलं आणि ती पाव न घेताच घरी आली.

त्याच दिवशी दार्दोने करार काढून वाचला. मी समोर होतो. ‘जुलै’ लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं, घडी घातली, खिशात ठेवला. मी वाट बघत राहिलो, आता बोलेल, मग बोलेल.

ऑगस्टमध्ये पोरीच्या वर्गातल्या मिर्ताचं पंधरावं होतं. तिथे मिर्ता आणि तिचा बाप त्याच गाण्यावर नाचले. ग्रिसेल्दा परत आली तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात मातेचा कडू काढा नळीने पीत बसलो होतो. ती बापासमोर उभी राहिली.

“गावातला प्रत्येक बाप आपल्या पोरीला माझ्या नावाने नाचवतोय, पप्पा. रेकॉर्डसाठी तुम्ही मला विकलंत ना?”

दार्दोने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी भांड्यातली नळी चोखत राहिलो, आतलं पाणी कधीच संपलं होतं.

“चुकलं माझं, पोरी,” तो म्हणाला.

तिच्या पंधराव्याला हॉल भरला होता. ते गाणं लावायचं नाही असं तिने बजावून ठेवलं होतं, म्हणून वाद्यवृंदाने जुनाच वॉल्ट्झ धरला. दार्दो नव्या सुटात मध्यभागी उभा. पोरगी पांढऱ्या झग्यात आली, त्याच्या बाजूने पुढे गेली आणि माझ्यासमोर हात केला.

“मामा, चल.”

नेलीने तोंडाला रुमाल लावला. मी दार्दोकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी सांगेल. एक वाक्य पुरलं असतं. किंवा मी सांगावं. मलाही एकच वाक्य लागलं असतं.

“जा की,” तो हळूच म्हणाला. “पोरीला अशी उभी ठेवू नकोस.”

आणि मी नाचलो. लाज नाही वाटली, असं कसं म्हणू? मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी नाचलो. ती माझ्या खांद्याशी म्हणाली, “या घरात तू एकटाच खोटं बोलत नाहीस, मामा.” मी तिला गिरकी दिली.

गाण्यामुळे आम्हाला दोन वर्षं बरी गेली. मग बँड मोडला आणि दार्दो लोकांच्या पोरींच्या पंधराव्यांना जाऊन तेच गायला लागला. डोळे मिटून गायचा. लोकांना वाटायचं, काय भावना आहे! घरी ग्रिसेल्दा त्याच्याशी कामापुरतं बोलायची. औषध घेतलंत का, दार लावलंत का. लग्नातही तिने पहिला नाच माझ्याबरोबरच केला, आणि मी त्याही वेळी नाही म्हणालो नाही. एकोणतीस वर्षं गेली अशी.

दफन झाल्यावर नवव्या दिवशी मी तिच्या घरी गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टेप, साल्गादो, डिसेंबर. ती बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवली.

“पप्पांना माहीत होतं?”

“हो. जुलैपासून.”

“आणि माझ्या पंधराव्याला?”

“तेव्हाही.”

“मग बोलले का नाहीत?”

“तुला एकच मामा होता, म्हणून असेल,” मी म्हणालो. “मला खरंच माहीत नाही गं. मी कधी विचारलंच नाही त्याला.”

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझा कोट खुर्चीवरून उचलून माझ्या हातात दिला.

“तू आता जा, मामा. मी बोलावीन तेव्हा ये.”

येत्या मे महिन्यात दोन वर्षं होतील. अजून बोलावणं आलेलं नाही.